बेलमनच्या पाठीवरचं मेलेलं वजन

मित्रांनो, मी शिशाची एक जुनी पट्टी आहे. तुमच्या तळहाताएवढी, राखाडी, एका कोपऱ्यात वाकलेली. मी देखणी नाही, आणि कधी काळी होते असंही म्हणणार नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या दुनियेत माझ्या जातीला एक नाव आहे, मेलेलं वजन. हे नाव मी आयुष्यभर ऐकलं आणि खरं सांगते, मला ते एकदाही आवडलं नाही.

नाव कसं पडलं ते आधी ऐका. जो घोडा चांगला पळतो त्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचं आणि जो कमी पळतो त्याच्या पाठीवर कमी, अशी शर्यतीची रीत आहे. असं केलं म्हणजे चुरस होते आणि बघणाऱ्यांना मजा येते. कोणावर किती वजन हे लंडनमध्ये बसलेले एक साहेब ठरवतात. आता घोड्यावर बसणारा जॉकी त्या वजनाहून हलका असला तर उरलेली भर शिशाच्या पट्ट्या घालून करतात. खोगिराखाली एक जाड कापड असतं, त्याला दोन्ही बाजूंनी खिसे असतात, आणि त्या खिशांत आम्ही बसतो. जॉकीचं अंग म्हणजे जिवंत वजन. ते घोड्याबरोबर पुढे झुकतं, उडीच्या वेळी उचललं जातं, घोडा अडखळला तर सावरतं. आम्ही नुसत्या बसून राहतो. आमच्या यॉर्कशरातले जुने लोक शपथेवर सांगतात की मेलेलं वजन घोड्याला दुपटीनं जड जातं. खरंखोटं घोड्यांनाच ठाऊक, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

मी मुळात एका पडक्या प्रार्थनाघराच्या छपरावर होते. पाऊस अंगावरून जायचा, खाली माणसं गात असायची. ते छप्पर उतरवलं तेव्हा आस्कबी गावच्या खोगीरवाल्यानं शिसं विकत घेतलं, वितळवलं आणि वाळूच्या साच्यात ओतून आम्हा बहिणींना पट्ट्यांचा आकार दिला. थंड झाल्यावर त्यानं आम्हाला तराजूत घालून पाहिलं आणि कानशीनं थोडं थोडं घासून सगळ्यांना सारखं केलं. छपराची पट्टी झाले याचं मला दुःख नव्हतं. उलट आता घोडे बघायला मिळणार म्हणून मी खूश होते.

आम्हाला विल्फ गार्बटनं घेतलं. शर्यतीच्या दिवशी जॉकींची खोगिरं, बूट आणि रंगीत सदरे सांभाळायचे हे विल्फचं काम. मोठा तापट माणूस. चिखलाचे बूट कोणी बाकावर ठेवले तर ते उचलून दाराबाहेर फेकायचा. पण आम्हाला मात्र तो जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवायचा, घोड्याच्या पाठीला आमची धार लागू नये म्हणून. आमच्याकडे इतकं लक्ष त्याच्याआधी कोणी दिलं नव्हतं.

वजनखोलीत आमचं राज्य होतं. शर्यतीआधी प्रत्येक जॉकी खोगीर हातात घेऊन तराजूवर बसायचा, आणि काटा योग्य जागी आला की बाहेर जायचा. शर्यत संपली की जे घोडे पुढे आले त्यांचे जॉकी परत येऊन पुन्हा तराजूवर बसायचे. वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यत गेली. मागे राहिलेल्यांना मात्र कोणी तराजूवर बसवत नसे. हरलेल्याचं वजन करून काय करायचं?

त्या खोलीत सगळेच उपाशी असायचे. अंगावर दोन दोन कोट चढवून पळायचे, बिनदुधाच्या चहावर दिवस काढायचे, कारण वजन वाढलं की काम गेलं. आणि त्यांच्यामध्ये बसून सेप रेन खुशाल काकवी घातलेलं चरबीचं पुडिंग खायचा. सेप हा किरकोळ अंगाचा, शांत जॉकी. त्याची बायको ईडी ते पुडिंग डब्यात द्यायची. त्याचं दुखणं सगळ्यांच्या उलट होतं. काही केल्या त्याच्या अंगाला लागत नव्हतं. बाकीचे जॉकी त्या डब्याकडे असे बघायचे की मला वाटायचं, आज मारामारी होणार.

"खा लेका, खा," विल्फ म्हणायचा. "निम्मा घोडा तू आणि निम्मा मी शिशानं भरतोय. एक दिवस तुला घरी ठेवून नुसत्या पट्ट्याच पाठवतो."

सेप ज्या घोड्यावर बसायचा त्याचं नाव बेलमन. गडद तपकिरी, मोठ्या कानांचा, अंगानं जरा बेढब. इतर घोडे मैदान बघून नाचतात, बेलमन गवत हुंगायचा. पण कुंपणं आणि खंदक ओलांडायचे असले की त्याच्यासारखा घोडा त्या मुलखात नव्हता, आणि तो फक्त सेपसाठी पळायचा. दुसरा कोणी बसला तर तो अर्ध्या वाटेत इकडेतिकडे बघत उभा राहायचा.

बेलमन जिंकला की लंडनचे साहेब त्याचं वजन वाढवायचे, आणि सेपचं अंग तर वाढत नव्हतं, म्हणून माझी आणखी एक बहीण खिशात यायची. पुन्हा जिंकला की आणखी एक. सुरुवातीला मला याचा अभिमान वाटायचा. लोक आमच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, बघा, एवढं शिसं घेऊनही जिंकतो. पुढे पुढे मात्र चढावावर त्याचा श्वास मला ऐकू यायला लागला. आमची भरती म्हणजे त्याच्या चांगुलपणाची शिक्षा होती. हे समजूनही मी काही करू शकत नव्हते. माझ्यात तेवढा जीव नव्हता म्हणा, किंवा लोक म्हणत तसा मुळीच नव्हता.

बेलमनचे मालक हॅलम. तेच घोडे पाळायचे, तेच तयार करायचे. माणूस दुष्ट नव्हता, हट्टी होता. त्यांच्या वडिलांनी आस्कबीचा चषक जिंकला होता, आणि तो त्यांच्या दिवाणखान्यात मांडलेला होता. हॅलमना तो कधीच मिळाला नव्हता. बेलमन म्हातारा व्हायला लागला तशी त्यांची घाई वाढली.

त्या वर्षी चषकाच्या दिवशी धुकं होतं आणि मैदानाचा चिखल झाला होता. बेलमनवर सगळ्यांत जास्त वजन होतं. मी आणि माझ्या सगळ्या बहिणी त्या दिवशी खिशांत होतो. खिसे इतके फुगले की विल्फनं त्यांचे पट्टे गुडघा टेकून ओढले आणि वर दोनदा तपासले.

एरवी तराजूवरून उतरल्यावर जॉकी खोगीर मालकाच्या हाती देतो आणि आपल्या जागी परत जातो. त्या दिवशी सेप मालकांच्या मागोमाग आला. घोड्यावर खोगीर चढत असताना तो खाली बसला, बेलमनच्या पायांवरून हात फिरवला, आणि एका पायापाशी त्याचा हात थांबला.

"मालक, या पुढच्या पायाला ऊब आहे," तो म्हणाला.

"चालत आलाय, ऊब असणारच."

"एकाच पायाला?"

हॅलम पट्टा आवळत होते. ते थांबले नाहीत. "चिखल मऊ असतो सेप. पायाला बरंच आहे ते."

"एवढं शिसं घेऊन चिखलातून पाय उपसायचा म्हणजे... आज नको, मालक. वसंतात पळवू. मी पाया पडतो हवं तर."

"तुला बसायचं नसेल तर सरळ सांग. टकर रिकामा आहे. त्याला शिसंसुद्धा लागणार नाही. सगळं जिवंत वजन."

टकर हा दांडगा जॉकी. त्याचा चाबूक मी पाहिला होता. ज्या घोड्यावर तो बसायचा त्याच्या कुशीवर संध्याकाळपर्यंत वळ दिसायचे. बेलमन त्याच्यासाठी मनानं पळाला नसता, म्हणून त्यानं मारून पळवला असता. सेपनं बेलमनच्या नाकावर हात ठेवला.

"बसतो मी," तो म्हणाला.

शर्यत सुरू होण्याची जागा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. धुक्यात दहा पावलांवरचा घोडा दिसत नव्हता. बाकीचे गोल फिरत होते, तेवढ्यात सेपनं बेलमनला काटेरी कुंपणाच्या कडेला नेलं. तो वाकला, लगाम नीट करत असावा तसा. मग त्याची बोटं आमच्या खिशाच्या पट्ट्यावर आली. विल्फनं इतका घट्ट ओढलेला पट्टा सोडवताना त्याचं नख मोडलं. एका बाजूच्या बहिणी निघाल्या, मग दुसऱ्या बाजूच्या. एक एक करून आम्ही कुंपणाच्या खालच्या चरात पडलो. मी सगळ्यांत शेवटी पडले आणि बेलमनचं पाऊल मागे सरकलं तेव्हा त्याचा नाल माझ्या कोपऱ्यावर आला. हा वाकडेपणा तेव्हाचा आहे. मला त्याचं दुःख नाही. त्याच्या खुणेनं वाकले आहे मी.

"आज आपण सगळ्यांच्या मागून जायचं, म्हाताऱ्या," सेप त्याच्या कानाशी म्हणाला. "फिरायला निघाल्यासारखं."

त्याचा हिशेब साधा होता. मागे राहिलेल्याला कोणी तराजूवर बसवत नाही. बेलमन हलक्या पाठीनं, सावकाश, सगळ्यांच्या शेवटी घरी येईल, हॅलमची हौस फिटेल आणि पाय वाचेल. घोड्यांत आयुष्य काढलेल्या माणसालाच हा हिशेब सुचला असता, आणि त्यालाच त्यातली चूक कळायला हवी होती. पण माया असली की माणसाचा हिशेब चुकतो.

चूक अशी, की वर्षानुवर्षांचं ओझं एकदम पाठीवरून उतरलं तर घोड्याला काय वाटेल, हे त्यानं धरलंच नव्हतं.

पुढचं मी चरात पडून ऐकलं, आणि राहिलेलं नंतर विल्फच्या तोंडून. दुसऱ्या फेरीत बेलमन माझ्याजवळून गेला तेव्हा त्याच्या पावलांचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो हलका झाला होता. सेप लगाम ओढत होता. त्याचे हात सोलले गेले. पुढचे दोन घोडे धुक्यात एका कुंपणावर एकमेकांच्या अंगावर पडले, आणि बेलमन कान टवकारून त्यांना वळसा घालून पुढे निघाला. शेवटच्या कुंपणानंतर त्याच्यापुढे कोणीच नव्हतं. गावातली माणसं टोप्या उडवत त्याचं नाव घेत होती. सेपला तेव्हाही त्याला थांबवता आलं असतं. नंतर त्यानं विल्फला सांगितलं, की इतक्या वर्षांत मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता, माझा हात झाला नाही.

रेघ ओलांडताना फक्त एकच माणूस रडत होता, आणि लोकांना वाटलं आनंदानं रडतोय.

तराजूचा काटा वर गेलाच नाही. खिसे रिकामे, पट्टे सुटलेले. पंच तिघेजण होते. त्यांनी आधी विल्फलाच उभं केलं. पट्टे नीट बांधले नसतील, पट्ट्या वाटेत पडल्या असतील, असं थोरल्या पंचांचं म्हणणं. विल्फ एवढा तापट, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला नाही. मी बांधले होते साहेब, मी दोनदा तपासले होते, एवढंच तो म्हणत राहिला. निष्काळजीपणा लिहिला गेला असता तर त्याचं काम जाणार होतं. जॉकीला मात्र थोड्या दंडावर सोडलं असतं. सेपनं गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं.

"त्यानं बांधले होते," सेप म्हणाला. "मी सोडले."

"जिंकण्यासाठी?"

"नाही साहेब. शेवटी येण्यासाठी."

पंच हसले. तिघेही हसले. "मग जिंकलास कसा?"

"मी सांगितलं होतं त्याला," सेप म्हणाला. "त्यानं ऐकलं नाही."

लंडनहून हुकूम आला. सेप रेननं यापुढे शर्यतीच्या कोणत्याही मैदानावर आणि घोडे तयार करणाऱ्या कोणाच्याही हद्दीत पाऊल ठेवायचं नाही. जो त्याला आत घेईल त्याचाही परवाना जाईल. ही बंदी जन्मभराची होती.

दुसऱ्या दिवशी विल्फनं चरातून आम्हाला वेचून काढलं. बहिणी पेटीत परत गेल्या. मी वाकल्यामुळे खिशात मावेना, म्हणून तो मला घेऊन सेपच्या घरी गेला. ईडीनं चहा केला. बराच वेळ कोणी चहाला हात लावला नाही.

"मला सांगायचं होतंस," विल्फ म्हणाला.

"सांगितलं असतं तर तूही गेला असतास."

"गेलो असतो तर गेलो असतो," विल्फ म्हणाला, आणि मला टेबलावर ठेवून निघून गेला. तो रागावला होता. अशा वेळी माणसाला रागावण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

सेप गावाबाहेरच्या दगडखाणीत कामाला लागला. त्यानं मला कोटाच्या खिशात ठेवलं. खिसा फाटतो म्हणून ईडी कुरकुरायची, मग गुपचूप शिवून द्यायची. गावातल्या पोरांनी त्याचं नाव पाडलं होतं, आणि तुम्ही ओळखलंच असेल ते कोणतं. तो जवळून गेला की गुत्त्याच्या दारातून कोणीतरी ओरडायचं, मेलेलं वजन चाललं बघा. खिशातून मला वाटायचं, अरे, हे नाव माझं आहे, याला कशाला देता?

बेलमनचा पाय त्याच रात्री सुजला आणि पुढे पळण्याजोगा राहिला नाही. पण मोडला नाही. पूर्ण वजनानं मोडला असता आणि घोड्याचा पाय मोडला की काय करतात ते तुम्हाला माहीत नसेल तर बरं. हॅलमनी त्याला रस्त्याकडेच्या कुरणात सोडला. खाणीतून येताना सेप दगडी कुंपणाशी उभा राहायचा. बेलमन लंगडत यायचा आणि कुंपणावरून मान बाहेर काढायचा. मान रस्त्यावर आली की सेप तिला हात लावायचा. हात कधी कुंपणापलीकडे नेत नसे. आपल्यामुळे दुसऱ्या कोणाचं नुकसान व्हायला नको, याची त्याला फार धास्ती असे.

हॅलमनी एकदा ते पाहिलं. चषक हातचा गेल्याचा राग त्यांच्या मनातून गेला नव्हता. त्यांनी बेलमनला डोंगरावरच्या कुरणात हलवला. सेप तरीही रोज त्या कुंपणाशी थांबायचा. रिकामं गवत बघायचा आणि घरी यायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. ती वर्षं मला आठवतात, पण त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

मग एका हिवाळ्यातल्या रविवारी भर दुपारी हॅलम स्वतः सेपच्या दारात आले. म्हातारे झाले होते. टोपी हातात होती.

"बेलमन बसलाय," ते म्हणाले. "उठत नाही. थंडी पडली म्हणून काल रात्रीच खाली रस्त्याकडेच्या कुरणात आणला होता. घोड्यांचे डॉक्टर निघालेत. तू चल."

"मला आत यायला बंदी आहे."

"मी सांगतोय ना, चल."

"तुमच्याकडे एवढी माणसं कामाला आहेत मालक. उद्या कोणी लंडनला कळवलं तर तबेल्याला कुलूप लागेल."

हॅलमनी एवढंच विचारलं, "रस्त्यापर्यंत येशील?"

सेप आला. बेलमन कुरणात कुशीवर पडला होता, पाठ रस्त्याकडे, वीसेक पावलांवर. तेवढं अंतर त्याच्यानं कापवलं नसतं आणि सेपला कापता येत नव्हतं. हॅलम त्या चिखलात सरळ खाली बसले. त्यांनी बेलमनचं डोकं दोन्ही हातांनी उचललं, मांडीवर घेतलं आणि रस्त्याच्या बाजूला वळवून धरलं. ते एकदाही खाली ठेवलं नाही.

सेप कुंपणावरून त्याच्याशी बोलू लागला. मोठ्यानं, आवाज पोचावा म्हणून. काही खास बोलला नाही. खाणीतल्या गोष्टी सांगितल्या, ईडीचे गुडघे दुखतात ते सांगितलं, थंडी फार आहे म्हणाला. बेलमनचे मोठे कान त्याच्याकडे वळले होते. डॉक्टर आले तरी सेप थांबला नाही, बोलतच राहिला, आणि बंदुकीच्या आवाजानंतरसुद्धा थोडा वेळ बोलत होता. खिशात त्याची मूठ माझ्याभोवती इतकी घट्ट होती की त्याला लागलं असणार.

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी खरंच मेलेली असते तर बरं झालं असतं.

मी आता ईडीच्या खिडकीत असते. मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. शिसं सडत नाही आणि त्याला भूकही लागत नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या शेजारी कोणीतरी असेल, जो न कुरकुरता सगळं ओढतो, आणि ओढतो म्हणूनच सगळे त्याच्यावर आणखी टाकतात. त्याच्यावर पुढचं ओझं टाकण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि विचारायचं असेल तर तो उभा आहे तोवर विचारा.